महागडा पाइप आणि त्याचे स्वस्त भाऊबंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू ओढायचे जुने पाइप जमवणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक फोटो पाठवत राहतात. आत्याच्या माळ्यावर सापडलेला, लंडनहून कुणी आणलेला, निवृत्त कर्नल शेजाऱ्यांनी दिलेला. खाली प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "हा म्हणजे आतून डनहिलच ना?" डनहिल म्हणजे लंडनचा नावाजलेला, महागडा पाइप. कधी उत्तर 'हो' असतं, कधी 'अर्धं हो', आणि पुष्कळदा 'नाही, पण वाईट वाटून घेऊ नका'. तेच तेच लिहून हात दुखले, म्हणून सगळं एका जागी मांडलं आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाइपच्या धंद्यात 'सेकंड' म्हणजे नेमकं काय?

कापडाच्या गिरणीत जे म्हणत, जवळपास तेच. मुख्य नावाखाली विकण्याइतका माल चोख उतरला नाही, पण फेकून देण्याइतका वाईटही नाही, तर तो दुसऱ्या नावाने आणि कमी किमतीला विकायचा. रत्नागिरीच्या पेटीतून बाजूला काढलेला डागी हापूस आठवा. साल खराब, गर तोच.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर पुढचे प्रश्न लागलेच नसते. 'सेकंड' या एका शब्दाखाली लोक निदान चार वेगळी नाती कोंबतात. एक, खरोखर नापास झालेला माल. दोन, त्याच मालकाची पण मुद्दाम स्वस्त ठेवलेली वेगळी कंपनी. तीन, विकत घेतलेला जुना प्रतिस्पर्धी. चार, दुकानदाराने स्वतःचं नाव घालून बनवून घेतलेला पाइप. चारही ठिकाणी किंमत कमीच, पण हातात काय पडतं ते चारही ठिकाणी निराळं.

२. लाकूड खराब असेल तर ते आधीच का कळत नाही? कोरल्यावर नापास कशाला करायचं?

कारण ते आधी दिसतच नाही. चांगले पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणारं एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप आहे, त्याच्या मुळाशी जमिनीत जी गाठ धरते ती ब्रायर. कालाब्रिया, कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जीरिया ही तिची गावं. कित्येक दशकं वाढलेली गाठ उपटतात, तिचे ठोकळे पाडतात, तासन् तास उकळून आतला चीक काढतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं वाळवतात.

ही गाठ दगडधोंड्यांत वाढते. वाढता वाढता बारीक खडे, मातीचे कण गिळते, आत लहान पोकळ्या धरते. ठोकळा बाहेरून चकाचक दिसतो. लेथवर बाउलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा, आकार येत येत, शेवटच्या दोन मिलिमीटरला, अचानक टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडा पडतो. तोवर लाकडाचे, वाळवणीचे, कारागिराच्या वेळेचे पैसे खर्च झालेले असतात. त्या बाउलचं करायचं काय, या एका प्रश्नातून दुय्यम ब्रँडची ही सगळी भानगड जन्माला आली.

उपाय तीन. खड्ड्यात लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरून वर गडद रंग द्यायचा. वाळूचा मारा करून किंवा हत्याराने पृष्ठभागच खडबडीत करायचा. नाहीतर खड्डा तसाच ठेवून दुसरं नाव ठोकायचं. मात्र खडबडीत पाइप दिसला की 'दोष लपवलाय' म्हणू नका. डनहिलने १९१७ साली वाळूच्या माऱ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यातून आलेला 'शेल' पाइप त्यांचा अव्वल माल होता, आजही आहे.

३. पार्कर म्हणजे शिक्का बदललेला डनहिलच का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि १९१० साली स्वतः पाइप बनवायला सुरुवात केली. स्टेमवरचा, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवरचा, तो प्रसिद्ध पांढरा ठिपका म्हणजे सुरुवातीला निव्वळ खूण होती : सरळ दांडीच्या पाइपात स्टेमची वरची बाजू कोणती ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. पुढे ठिपका हीच अब्रू झाली. ठिपक्याच्या पाइपला वर्षभराची हमी असे आणि हमी मोजता यावी म्हणून वर्षाचा आकडा शँकवर, म्हणजे बाउलला जोडलेल्या लाकडी दांडीवर, ठोकत. हमी दिली म्हणजे चाळणी बारीक ठेवावी लागते, आणि चाळणी बारीक म्हणजे खाली पडणारा माल जास्त.

तो माल खपवायला १९२३ च्या सुमारास पार्कर पाइप कंपनी उभी राहिली. म्हणजे पार्करची मुळं नापास डनहिलमध्ये आहेत, ही लोककथा नाही. विसाव्या-तिसाव्या दशकातल्या पार्करवर डनहिलसारखाच पेटंट क्रमांक आणि वर्षाचा आकडा सापडतो. फिनिशची नावंसुद्धा भावाभावांसारखी : तिकडे 'ब्रुयेर', इकडे 'सुपर ब्रुयेर'. तिकडे वाळू मारलेला 'शेल', इकडे 'सुपर ब्रायरबार्क'. स्टेमवर ठिपक्याऐवजी चौकटीच्या पत्त्यासारख्या आकारात 'पी' हे अक्षर.

पण इथे पाय घसरतो. पार्करला मागणी आली तशी ती नुसत्या नापास मालावर भागेना. कोणता कारखानदार स्वतःच्या अपयशाच्या भरवशावर दुसरी कंपनी चालवेल? पार्कर आपली आपण पाइप बनवू लागली, तिचा खाक्या वेगळा झाला. म्हणून पन्नासच्या दशकानंतरचा पार्कर हातात घेऊन 'हा डनहिलच्या बाकावरून उठलाय' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. सावत्र नव्हे, सख्खा धाकटा भाऊच; पण वेगळ्या घरात वाढलेला.

४. पार्कर म्हणजे पेनवाली पार्कर का?

नाही. आपल्याकडे हा गोंधळ हमखास होतो, कारण खिशाला पार्करचं पेन लावलेले आजोबाच पाइपही ओढत. पेनवाली कंपनी अमेरिकेतली. नावापलीकडे काही नातं नाही.

५. मग हार्डकॅसल कुठे बसतं?

हे विकत घेतलेलं भावंड. हार्डकॅसल हे लंडनच्या वॉल्थमस्टो भागातलं १९०८ पासूनचं स्वतंत्र घराणं होतं. डनहिलने १९३५ साली त्यांच्या शेजारीच, फॉरेस्ट रोडवर, कारखाना बांधायला काढला, दुसऱ्या वर्षी ४९ टक्के हिस्सा घेतला आणि १९४६ साली उरलेलाही. १९६७ साली पार्कर आणि हार्डकॅसल एकत्र करून 'पार्कर-हार्डकॅसल लिमिटेड' केली. त्यानंतरची उतरंड सरळ आहे : डनहिल, पार्कर, हार्डकॅसल.

थोडक्यात, १९३५ च्या आधीचा हार्डकॅसल कुणाचाच सेकंड नाही. तो आपल्या जागी पहिला आहे. 'हार्डकॅसल म्हणजे डनहिलची तिसरी प्रत' हे विधान त्या पाइपला लावलं तर शुद्ध अन्याय. पाइपवरचं नाव वाचून अर्धीच माहिती मिळते, उरलेली अर्धी त्या नावाच्या काळात असते. हेच वाक्य तेराव्या प्रश्नात उलट्या बाजूने येईल.

६. सगळे मोठे कारखाने वेगळं नाव काढतात का? एकाच नावात दर्जा ठेवता येत नाही?

येतो की. डब्लिनचं पीटरसन घ्या. १८६५ पासूनचं घराणं. आतल्या ओलाव्याला वेगळी खोबण देणाऱ्या 'सिस्टिम' पाइपचं पेटंट १८९० चं. त्याच सिस्टिम पाइपचे त्यांनी डीलक्स, प्रीमियर, स्टँडर्ड असे थर केले. नाव तेच, लाकूड आणि फिनिश वेगळं. शिवाय सरळ 'आयरिश सेकंड्स' असं ठोकलेले पाइपही त्यांच्याकडून निघाले. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. दोष आहे, आम्ही सांगतोय, पटत असेल तर घ्या.

सासिएनी यांनी ठिपक्यांनी काम भागवलं. जोएल सासिएनी हे डनहिलकडचेच माणूस. १९१९ साली बाहेर पडून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि स्टेमवर एक ठिपका लावला. डनहिलने हरकत घेतली. मग ठिपक्यांची संख्या चारवर गेली, रंग फिकट निळा झाला. चार ठिपके म्हणजे अव्वल, दोन आणि एक म्हणजे खालचे दर्जे. ठिपका मुळीच नको अशा मालाला 'मेफेअर'सारखी वेगळी नावं. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही पद्धती.

७. अमेरिकेतल्या येलो-बोलला नापास केवूडी म्हणतात, ते खरं का?

सुरुवात तशीच आहे. न्यूयॉर्कची कॉफमन ब्रदर्स अँड बाँडी ही १८५१ पासूनची पेढी. तिने १९१९ साली केवूडी हे नाव बाजारात आणलं आणि ते इतकं चाललं की पुढे पेढी त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. केवूडीत न बसणारं ब्रायर वापरायला १९३२ मध्ये येलो-बोल निघाला. साल बघा. मंदीचा कडेलोट. साडेतीन डॉलरचा केवूडी परवडेना अशा माणसासमोर एक डॉलरचा येलो-बोल ठेवला.

यात एक हुशारी होती आणि त्यासाठीच हे उदाहरण मी नेहमी देतो. नवा पाइप पहिले काही दिवस कडवट लागतो, आत काजळीचा थर जमेपर्यंत कळ काढावी लागते. येलो-बोलच्या बाउलला आतून मध घातलेला पिवळसर लेप दिला आणि 'हा पहिल्या दिवसापासून गोड' अशी जाहिरात केली. स्वस्त भावाला त्याचा स्वतःचा गुण दिला, थोरल्याकडे नसलेला. त्यामुळे येलो-बोल घेणाऱ्याला आपण उरलंसुरलं घेतलं असं वाटलं नाही. १९५५ साली दोन्ही नावं एस. एम. फ्रँक या कंपनीकडे गेली.

८. माझ्या पाइपवर कुठल्यातरी दुकानाचं नाव आहे. तो कुणाचा?

पहिल्या प्रश्नातलं चौथं नातं. लंडनच्या कोमॉयसारखे कारखाने स्वतःचे सेकंड तर काढतच, वर तंबाखूवाल्या दुकानांना त्यांच्या नावाने पाइप बनवूनही देत. कोमॉय हे मूळचं फ्रान्सच्या सेंट-क्लोदचं घराणं. हेन्री कोमॉय १८७९ साली लंडनला आले. त्यांच्या उतरंडीत 'ब्लू रिबँड' फार वर, आणि 'गिल्डहॉल', 'एव्हरीमन' ही नावं खालच्या अंगाला. गिल्डहॉल ओळखायला सोपा : स्टेमच्या कडेला धातूच्या तीन बारीक रेघा.

दुकानाच्या नावाचा पाइप असेल तर शँक पालथा करून आकाराचा क्रमांक आणि देशाचा शिक्का पाहा. कोमॉयच्या कारखान्यातून आलेल्या पुष्कळ पाइपांवर 'मेड इन लंडन इंग्लंड' ही अक्षरं गोलाकार ठोकलेली असतात आणि क्रमांक त्यांच्याच यादीतला असतो. गोल शिक्का म्हणजे घराणं कळलं. दर्जा कळला असं मात्र नाही. त्यासाठी दहावा प्रश्न.

९. स्वस्त ब्रँडला आकारही वेगळे देतात का?

बहुधा नाही, कारण नवा आकार लेथवर चढवणं खर्चाचं काम. डेन्मार्कच्या स्टॅनवेलचे नामांकित आकार सिक्स्टन इवार्सन या कारागिराने आखले. त्याच कारखान्याच्या 'रॉयल डॅनिश' आणि 'डान्स्के क्लब' या स्वस्त नावांखाली तेच आकार भेटतात. इवार्सन यांचा स्वतःच्या हातचा पाइप घ्यायचा तर घर गहाण पडेल. त्यांची रेषा मात्र हजार-दोन हजारांच्या जुन्या पाइपातही हाताला लागते. नव्याने जमवणाऱ्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

१०. स्वस्त ब्रँडचा पाइप ओढायला खरंच वाईट लागतो का?

डोळ्यांना जे खटकतं ते जिभेला कळेलच असं नाही. बाउलच्या बाहेरचा टाचणीएवढा खड्डा धुरात उतरत नाही. चव बिघडते ती तीन गोष्टींनी : लाकूड नीट वाळलेलं नसणं, भोक वाकडं पडणं आणि स्टेम जाड व ओबडधोबड असणं.

घरबसल्या करायची परीक्षा : स्टेम न काढता तोंडाकडून पाइप क्लीनर (पाइप साफ करायची लवदार, लवचीक तार) सरकवा. तो कुठेही न अडखळता बाउलच्या तळाशी, बरोबर मध्यात, डोकं काढायला हवा. भोक तळापासून वर पडलं असेल तर तळाची तंबाखू ओली राहते आणि शेवटी गुरगुर ऐकू येते. ही गुरगुर मी महागड्या पाइपातही ऐकली आहे.

नापास लाकडाच्या सेकंडमध्ये भोक आणि स्टेम थोरल्याइतकेच चांगले असण्याची शक्यता मोठी, कारण दोष शेवटी सापडलेला असतो. मुद्दाम स्वस्त बनवलेल्या ब्रँडमध्ये पैसा वाचवतात तो नेमका स्टेमवर : हाताने कापून घासण्याऐवजी साच्यातून काढलेला. दातांना फरक लगेच कळतो.

११. लांबी भरली आहे हे कसं ओळखायचं?

उन्हात धरा आणि तिरकं बघा. लाकडाच्या रेषा वाहत असतात. लांबीच्या ठिपक्यावर त्या अचानक थांबतात आणि पलीकडून पुन्हा सुरू होतात. वापरलेल्या पाइपात तर आणखी सोपं : ब्रायर वर्षानुवर्षं गडद होत जातं, लांबी आहे तिथेच राहते, त्यामुळे फिकट गुलाबी किंवा राखाडी चट्टा उठून दिसतो. काळ्या रंगाच्या गुळगुळीत पाइपवर थोडा संशय ठेवायला हरकत नाही. सगळेच काळे पाइप लपवाछपवीचे नसतात, पण लपवायचं असेल तर काळ्यासारखा रंग नाही.

१२. ठिपका पांढरा आहे, म्हणजे डनहिल नक्की ना?

नाही, नाही, नाही. मुंबईच्या चोरबाजारात एका शुक्रवारी जुन्या घड्याळांच्या ढिगातून एक पाइप मी असाच उचलला. स्टेमवर ठिपका, विक्रेत्याचा चेहरा निर्विकार, घासाघीस जेमतेम दहा मिनिटं. घरी येऊन स्पिरिटचा बोळा फिरवला तर ठिपका बोळ्यावर आला. कचेरीत खाडाखोड झाकायला वापरतात तो व्हाइटनर! शँकवरचा शिक्का आधीच कुणीतरी घासून गुळगुळीत केला होता. भिंगाखाली तिरका उजेड टाकल्यावर शेवटची दोन अक्षरं तेवढी उमटली, त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. तो पाइप आजही माझ्याकडे आहे आणि ओढायला छान आहे, हा त्यातला खरा त्रास.

खरा ठिपका रंगवलेला नसतो, स्टेममध्ये जडवलेला असतो. नखाला त्याची कड लागत नाही. आणि ठिपक्यापेक्षा शँकवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवा, कारण स्टेम बदलता येतो. पार्करच्या शँकला डनहिलचा स्टेम बसवलेला मी एकदा नव्हे, दोनदा पाहिला आहे.

१३. थोरला ब्रँड धाकट्याच्या कारखान्यात गेला असं कधी झालंय?

झालंय, आणि जमवणाऱ्यांचे वाद तिथेच पेटतात. फ्रेडरिक चॅराटन यांनी १८६३ साली लंडनमध्ये सुरू केलेलं चॅराटन हे हातकामासाठी नावाजलेलं घराणं, डनहिलच्या तोडीचं. त्यांच्याकडे धाकटं नावही होतं. लीड्सचं बेन वेड हे जुनं नाव अमेरिकेतल्या हर्मन लेन यांनी घेतलं आणि ते पाइप चॅराटनच्या लंडनच्या कारखान्यात बनू लागले. पुढे चॅराटनच डनहिलकडे गेलं आणि ऐंशीच्या दशकात त्याचं काम वॉल्थमस्टोला, पार्कर-हार्डकॅसलच्या छपराखाली आलं.

मग त्या काळातल्या चॅराटनला काय म्हणायचं? शिक्का राजाचा, कारखाना प्रधानाच्या धाकट्या भावाचा. जुन्या चॅराटनची किंमत त्याला द्यायला मी तयार नाही. बेन वेडची तर आणखी गंमत : सत्तरच्या दशकात तेच नाव डेन्मार्कच्या प्रेबेन होल्म यांच्या मोठ्या, लाटांसारख्या पाइपांवर दिसू लागलं. ते कुणाचेच सेकंड नव्हते. एकच नाव, तीन वेगळे जन्म.

१४. सेकंडची किंमत थोरल्यापेक्षा जास्त येऊ शकते का?

येते. पेटंट क्रमांक आणि वर्षाचा आकडा असलेला सुरुवातीचा पार्कर चांगल्या अवस्थेत असेल, तर तो झिजलेल्या, शिक्का पुसलेल्या डनहिलला मागे टाकतो. असे पार्कर संख्येने कमी, आणि कमी असलं की जमवणाऱ्याच्या जिभेला पाणी सुटतं. रोज वापरायचा असेल तर या भानगडीत पडू नका.

१५. स्वस्त पाइपने तब्येतीला जास्त अपाय होतो का?

अपाय तंबाखूचा असतो, पाइपच्या किमतीचा नव्हे. पाइपच्या धुरानेही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. मी स्वतः आता बहुतेक पाइप नुसते पुसून ठेवतो.

१६. आजोबांच्या पाइपवर 'पार्कर' दिसतंय. घासून लख्ख करू का, मग फोटो पाठवतो.

घासू नका! पाया पडतो. शँकवरची अक्षरं लाकडात केसभर खोल असतात. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटं धरलं की आधी पेटंट क्रमांक जातो, मग वर्षाचा आकडा, आणि तिसऱ्या प्रश्नातलं सगळं ठरवणारी तीच दोन चिन्हं. कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्टेम हिरवट-तपकिरी झाला असेल तर तो व्हल्कनाइटचा, म्हणजे कडक रबराचा आहे. उजेडाने तसं होतं, घाबरू नका, आणि गरम पाण्यात तर मुळीच टाकू नका. मग खिडकीशी बसून, उजेड डावीकडून तिरका येईल असा धरून, शँकच्या दोन्ही बाजूंचा आणि खालचा एकेक फोटो काढा. बाउलचा फोटो नसला तरी चालेल.